मॉरिशसच्या मराठी मंडळांना खुलं पत्र: यंदा गणपतीच्या स्टेजवर एक प्रश्न विचाराल का?

क्वात्र बोर्न, ऑगस्ट 2023

मॉरिशसमधल्या सगळ्या मराठी मंडळांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटीवाले काका, प्रसादाचं बघणाऱ्या मावश्या आणि मिरवणुकीत पुढे नाचणारी पोरं, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली, इथे येऊन नऊ वर्षं झाली. तुमच्यातल्या कित्येकांचे खापरपणजोबा ज्या बाजूने निघाले त्याच बाजूची, फक्त ते बोटीतून मजुरीच्या करारावर आले आणि मी विमानाने, परतीचं तिकीट पर्समध्ये ठेवून. हा फरक लहान नाही ते मला कळतं. तुम्ही इथले, मी पाहुणी. म्हणूनच हे पत्र कुठल्या मिनिस्ट्रीला न लिहिता तुम्हाला लिहितेय, कारण मिनिस्टर तुमच्या स्टेजवर येतात, माझ्या दारात कशाला येतील.

दरवर्षी बघते मी. गणेश चतुर्थीची पब्लिक हॉलिडे, पुढच्या रांगेत पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या, साहेब येतात, शाल घेतात, फेटा बांधून घेतात, मोरया म्हणतात, मराठी समाजाने देशाच्या जडणघडणीत किती वाटा उचलला ते दहा मिनिटं सांगतात, आपण टाळ्या वाजवतो, साहेब मोदक खाऊन पुढच्या प्रोग्रामला. यंदा तर एप्रिलमध्येच महाराजांचा पुतळा बसला, महाराष्ट्रातून फडणवीस येऊन अनावरण करून गेले, म्हणजे सप्टेंबरमध्ये भाषणं जरा जास्तच लांबणार. तर माझं मागणं एवढंच आहे, माइक साहेबांच्या हातात देण्याआधी आपल्यातल्या कोणीतरी एकाने उभं राहून विचारायचं की साहेब, 2009 चा तो नकाशा कायद्यात कधी येणार?

कुठला नकाशा म्हणाल तर सांगते. 2009 मध्ये इथल्या सरकारनेच पैसे घालून अख्ख्या बेटाचा अभ्यास करून घेतला, पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक जागा कुठल्या कुठल्या, ज्याला इथे सगळे ईएसए म्हणतात. 14 प्रकार काढले. प्रवाळ, समुद्री गवत, कांदळवन, भरती-ओहोटीच्या चिखलपट्ट्या, किनाऱ्याजवळच्या पाणथळी, वाळूचे किनारे आणि टेकड्या, छोटी बेटं, वरच्या पठारावरची दलदल, तळी, नद्या, देशी झाडं टिकून असलेलं जंगल, तीव्र उतार, गुहा, आणि पिण्याचं पाणी जिथून उपसतात त्या बोअरवेलच्या जागा. नकाशे तयार झाले, कुठे हातच लावायचा नाही आणि कुठे अटी घालून बांधायला द्यायचं अशी वर्गवारी पण सुचवून झाली. मग कायद्याचा मसुदा, मग त्यावर विचारविनिमय, मग इलेक्शन, मग नवीन मिनिस्टर, परत मसुदा. चौदा वर्षं झाली, घोंगडं भिजत पडलंय. आजही तो अभ्यास परवानगी देणाऱ्यांच्या टेबलावर सल्ला म्हणून असतो, आणि सल्ल्याचं काय होतं ते घरात तरणी पोरं असलेल्या कोणालाही विचारा.

तुम्ही म्हणाल की अगं बाई, आपल्याकडे नॅशनल पार्क आहे ना. आहे की, आणि चांगलं आहे. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस 1994 मध्ये झालं, 6,574 हेक्टर, देशातलं पहिलं. आणि ते तर आपलंच परसदार, हेन्रिएटाच्या बाजूने सात धबधब्यांकडे बघितलं की पुढे सगळं जंगल दिसतं, आणि इथला पहिला गणपती 1896 मध्ये हेन्रिएटालाच बसला असं तुम्हीच मला पहिल्या वर्षी सांगितलंत. पक्ष्यांचं तर जगात नाव झालं. इथला छोटा ससाणा, केस्ट्रल, 1974 मध्ये जंगलात चार शिल्लक होते, चार! गुलाबी कबुतरं 1990 च्या सुमाराला दहाच्या आसपास, हिरवे पोपट म्हणजे एको पॅराकीट पण तसेच मोजके. आज कबुतरं काहीशे आहेत, पोपट पण काहीशे आहेत, आणि यामागे कार्ल जोन्स नावाच्या वेल्श माणसाची आणि मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनच्या पोरांची चाळीस वर्षांची चिकाटी आहे, घरट्यातली अंडी उचलायची, उबवायची, पिल्लं वाढवायची, परत सोडायची, खाऊ घालत राहायचं, उंदीर मारत राहायचं. राउंड आयलंड 1957 पासून राखीव होतं, पण कागदावर राखीव झालं म्हणून तिथले बकरे आणि ससे झाडं खायचे थांबले का? 1979 मध्ये बकरे काढले, 1986 मध्ये ससे, तेव्हा कुठे झाडं उगवायला लागली. मधल्या काळात तिथला बिळात राहणारा एक बोआ साप गेला तो गेलाच, 1975 नंतर कोणाला दिसला नाही.

म्हणजे बघा, जिथे चारी बाजूंनी पाणी आहे आणि जबाबदारी कोणाची ते स्पष्ट आहे तिथे काम झालं. इल ओ झेग्रेत 26 हेक्टरचं, एका संस्थेने ते लीजवर घेऊन हाताने तण उपटून जंगल उभं केलं. पार्कच्या आतसुद्धा खरं देशी जंगल कुंपण घातलेल्या तुकड्यांत टिकून आहे, हरणं आणि रानडुकरं आत शिरू नयेत म्हणून कुंपण, आणि आत माणसं बसून चायनीज गोयाव उपटतात. हो, तोच गोयाव. आपण सगळे सीझनमध्ये पेत्रँ, प्लेन शांपान्यला गाड्या लावून पिशव्या भरभरून लाल गोयाव काढतो आणि मीठ-मिरची लावून तिथेच खातो, मी पण दरवर्षी जाते, आमच्या शेजारच्या आजी तर बसायची चटई घेऊन येतात. चार वर्षांनी मला कोणीतरी सांगितलं की हीच ती झाडं जी ब्राझीलहून आली आणि इथल्या जंगलाचा गळा आवळतायत. त्या दिवशी घरी येऊन जेली केली पण घशाखाली जरा अडकतच उतरली. (खाणं बंद केलेलं नाही. जितकं खाऊ तितकं बी कमी पडेल अशी माझी मी समजूत घालून घेतलीये.)

चांगलं म्हणावं असं देशी जंगल आता बेटाच्या 2 टक्क्यांच्या आसपास उरलंय. डचांनी एबनी तोडून नेली, डोडो त्यांच्याच काळात संपला, मग फ्रेंच, मग इंग्रज आणि ऊस. आणि तो ऊस लावायला आपली माणसं आणली. म्हणून मला कोणी म्हणालं ना की निसर्गबिसर्ग हा गोऱ्या लोकांचा शौक, तर मला राग येतो. या जमिनीवरचे दगड वेचून ते काळे ढीग रचले कोणी? शेतात उभे आहेत अजून. जमिनीचं काय होणार हे विचारायचा हक्क त्या ढिगाऱ्यांनी तुम्हाला दिलाय.

आता पार्कच्या रेषेबाहेर या. इथल्या जंगलातलं निम्म्याहून जास्त जंगल खाजगी आहे, बरंचसं जुन्या साखर इस्टेटींकडे, तिथे हरणं पाळतात आणि शिकार चालते. किनाऱ्याचं वेगळंच. समुद्राकडून मोजलेली 81.21 मीटरची पट्टी सरकारची, पा झेओमेत्रिक, 1807 मधल्या फ्रेंच हुकमापासून विकता न येणारी जमीन, कारण तेव्हा शत्रूचं जहाज आलं तर तोफा लावायला मोकळी जागा पाहिजे होती. विकता येत नाही ना, मग लीजवर द्या. हॉटेलं, कांपमाँ म्हणजे समुद्रकाठची सुट्टीची घरं, बंगले. कागदावर जमीन आपल्या सगळ्यांची, आणि भिंतीच्या फटीतून समुद्र बघायचा. 322 किलोमीटर किनारा असलेल्या देशात विसर्जनाला पब्लिक बीचवर जागा मिळेल का, गाडी कुठे लावायची, यावर दरवर्षी तुमची मीटिंग होते की नाही?

आणि बघायला कोण, तर सगळेच, म्हणजे कोणीच नाही. नॅशनल पार्क आणि जंगल शेतीवाल्या मिनिस्ट्रीकडे, मरीन पार्क फिशरीजकडे, बीच अथॉरिटी वेगळी, किनाऱ्याची लीज लँड्सवाल्यांकडे, पर्यावरणाचा रिपोर्ट पर्यावरणवाल्यांकडे, घर बांधायचं परमिट डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे. उत्तरेत आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या घरामागे पाणथळ होती, बगळे यायचे, संध्याकाळी बेडूक इतके ओरडायचे की टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा. एका शनिवारी लॉऱ्या यायला लागल्या, दगडमातीचा भराव. मी आणि त्यांची मुलगी एका ऑफिसात गेलो, त्यांनी दुसरीकडे पाठवलं, तिथे म्हणाले साइटचा पत्ता लिहून द्या, लिहून दिला, मग म्हणाले ही जागा ईएसएच्या यादीत असेल पण ते बाइंडिंग नाहीये. बाइंडिंग नाहीये हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. पुढच्या मोठ्या पावसात पाणी कुठे गेलं? त्यांच्या हॉलमध्ये. सोफा बाहेर काढून वाळत घातलेला, आणि म्हातारे आजोबा म्हणतात की पाण्याला वाट माहीत आहे, माणूस विसरतो.

पाण्याचं काय होऊ शकतं ते 30 मार्च 2013 ला पोर्ट लुईत सगळ्यांनी बघितलंय, 11 माणसं गेली, काही तर पादचारी बोगद्यात आणि पार्किंगमध्ये अडकून. त्या दिवसाची कारणं अनेक, नुसती पाणथळींवर ढकलणार नाही मी. पण तुंबणारं पाणी जिरवायची जी जागा असते तीच भरून टाकायची आणि नंतर ड्रेन बांधायला कोट्यवधी रुपये काढायचे हा हिशोब मला तरी समजत नाही.

वाकाशिओ जहाजाबद्दल तुम्हाला काय सांगू, तुम्हीच होता तिथे. 25 जुलै 2020 ला जहाज प्वँत देस्नीसमोर प्रवाळावर चढलं, बारा दिवस आपण सगळे किनाऱ्यावरून बघत होतो आणि टीव्हीवर सगळं कंट्रोलमध्ये आहे असं सांगत होते, 6 ऑगस्टला तेल बाहेर यायला लागलं, सुमारे 1,000 टन. एका बाजूला ब्लू बे मरीन पार्क, 2008 पासून रामसार साइट, म्हणजे जागतिक महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ, समोर इल ओ झेग्रेत, मागे प्वँत देस्नीची पाणथळ, ती पण 2011 पासून रामसार. देशातल्या तीन रामसार जागांपैकी दोन एका जहाजाच्या टप्प्यात! त्या आठवड्यात मी माहेबूरच्या वॉटरफ्रंटला होते, उसाचं पाचट कापडात भरून लांबच लांब नळ्या शिवत होतो, बाजूला मुस्लिम बायका, क्रिओल कोळी, कॉलेजची पोरं, आणि वाक्वाच्या एका मंडळाची गाडी भरून माणसं, आलू-पुरीचे डबे घेऊन. लोकांनी लांब राहावं, काम अधिकाऱ्यांवर सोडावं असं सरकार सांगत होतं आणि कोणी ऐकलं नाही. तिथल्या छोट्या बेटांवरचे दुर्मिळ सरडे आणि पाली पेट्यांत घालून विमानाने जर्सीच्या झूमध्ये पाठवाव्या लागल्या, वंश बुडू नये म्हणून. दोन मरीन पार्क आहेत या देशात, ब्लू बे आणि बालाक्लाव्हा, आणि नकाशावर पार्कची हद्द आखली तरी तेलाला ती दिसत नाही.

कोकणातली बाई आम्हाला शिकवायला आली असं वाटत असेल तर आमची पण सांगते, म्हणजे फिटंफाट. तीच तीन अक्षरं तिकडे पण आहेत, ईएसए. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळांच्या समितीचा रिपोर्ट 2011 चा, तो जड वाटला म्हणून कस्तुरीरंगन समिती, 2013, मग 2014 मध्ये नोटिफिकेशनचा मसुदा, आणि 2022 च्या जुलैमध्ये पाचवा मसुदा. पाचवा! आमच्या गावात कोणाला विचाराल तर सांगतील की ते झालं तर घराला चिरा काढता येणार नाही, म्हणून ग्रामसभेत विरोध. त्यात खरं किती, पसरवलेलं किती, हे समजावायला कोणी गावात फिरकलंच नाही, रिपोर्ट इंग्रजीत होता. मालवणचं समुद्री अभयारण्य तर 1987 चं, 29 चौरस किलोमीटर, आणि मच्छीमारांना विश्वासात न घेता वरून जाहीर केलं म्हणून गाबितांनी त्याला कधी आपलं म्हटलंच नाही. देवरायांचं आम्ही फार कौतुक सांगतो, देवाची राई, काटकी पण उचलायची नाही, पण देवळाला स्लॅब आणि टाइल्स घालायला त्याच राईतली झाडं विकलेली मी लहानपणी बघितलीयेत. कुंपणच शेत खातं ते आमच्याकडे पण.

मॉरिशसच्याच रॉड्रिग्स बेटाचं मात्र बघा. तिथे ऑक्टोपस कमी व्हायला लागले म्हणून 2012 पासून वर्षातले काही आठवडे पकडणं बंद ठेवतात, आणि बंद म्हणजे नुसती नोटीस चिकटवून मोकळे झाले नाहीत, ज्या बायका रीफवर चालत जाऊन ऑक्टोपस पकडतात त्यांना त्या काळात दुसरं काम दिलं, त्यांच्याशी आधी बोलले, बंदी उठल्यावर मोठाले ऑक्टोपस हाताला लागले तेव्हा त्यांनाच पटलं. नियम तोच, पण तो ज्याच्या पोटावर येतो त्याला आधी विचारलं होतं. मुख्य बेटावर असं विचारायला काय जातं मला कळत नाही.

फेर्नेची आठवण पण द्या साहेबांना. त्या खोऱ्यातून हायवे जाणार होता, काम सुरू व्हायच्या बेतात, तिथे नामशेष झाली असं समजलेली झाडं सापडली, लोकांनी आरडाओरडा केला, हायवेचा मार्ग बदलला. आज तिथे शाळेच्या सहली जातात. म्हणजे विचारलं तर होतं.

एक अवघड गोष्ट राहिली, ती लिहू की नको असं दोनदा झालं. वटवाघळं. 2015 मध्ये नवीन कायदा आला, नाव छान, देशी जैवविविधता आणि नॅशनल पार्क कायदा, आणि त्याच वर्षी 30 हजारांवर वटवाघळं सरकारने मारली, पुढच्या वर्षी परत मारली, 2018 मध्ये पण. त्याच वर्षी आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्या जातीला धोक्याच्या वरच्या यादीत टाकलं. का मारली, तर लिची आणि आंबे खातात. आणि तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत आपण होतो मंडळी, अंगणात एक लिची असलेला प्रत्येक जण होता, रात्री फडफड ऐकली की शिव्या घालणारा. माझा घरमालकसुद्धा, देवमाणूस, पण लिचीवर आला की ऐकायचा नाही. देशी झाडांचं बी जंगलभर नेऊन टाकणारा इतका मोठा प्राणी दुसरा उरलाच नाहीये, कासवं संपली, डोडो संपला. झाडाला जाळी घालायला सबसिडी मिळते, आम्ही दोन वर्षांपूर्वी घातली, खालची लिची आपली, वरच्या शेंड्याची त्यांची. मालक अजून कुरकुरतो.

तर प्रश्न असा विचारा, फार फिरवू नका. नकाशा कायद्यात कधी, तारीख सांगा. आणि जोडीला एवढंच की मसुदा क्रिओलमध्ये आणि भोजपुरीत पण छापा, आमच्या बायकांना वाचता येईल असा, आणि खाजगी जमीनवाल्याला पाणथळ सांभाळली तर काय मिळणार ते पण त्यात लिहा, नाहीतर तो रात्रीच भराव टाकून मोकळा होणार. साहेब म्हणतील की चांगला प्रश्न आहे, विषय विचाराधीन आहे. तेव्हा सेक्रेटरीने शांतपणे म्हणायचं, साहेब, पुढच्या चतुर्थीला पण तुम्हालाच बोलावणार आहोत, तेव्हा सांगा.

काही काका आत्ताच म्हणत असतील की सणात राजकारण नको, अनुदान बंद होईल, हॉलसाठी अर्ज अडकेल. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, तुम्ही संख्येने थोडे आहात आणि इथे प्रत्येक समाजाचं गणित मोजलं जातं हे मलाही दिसतं. म्हणून एका मंडळाने एकट्याने नको. कास्काव्हेल, वाक्वा, हेन्रिएटा, सगळ्यांनी एकाच दिवशी तोच प्रश्न, त्याच शब्दांत. सगळ्यांचं अनुदान एकदम कापायला हिंमत लागते.

आणि आपलं आपण पण थोडं. मूर्ती शाडूची, रंग साधे, निर्माल्य पिशवीत भरून परत, थर्माकोल तर नकोच, आणि लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात, प्रवाळ आहे तिथे मूर्ती घेऊन पाय देत जायचं नाही, वाळूच्या तळावरच थांबायचं. ब्लॅक रिव्हरच्या बाजूचे जुने लोक सांगतात की पूर्वी घरीच माती मळून मूर्ती करायचे. ती माती कुठली आणायचे हे माहीत असलेलं कोणी अजून असेल तर मला कळवा, मला या वर्षी करून बघायची आहे. विसर्जनाच्या दिवशी मी फ्लिक अँ फ्लाकला असेन, निर्माल्याच्या टेबलाशी, हिरवी साडी. आणखी दोघी-तिघी हव्या आहेत, दुपारी तीनपासून.

तुमची,
रत्नागिरीकडची, सध्या क्वात्र बोर्नची